कूलरसमोरचं झाड

लालबाग, बऱ्हाणपूर
रविवार, ७ एप्रिल २०२४

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

आज सकाळी लवकर उठलो. नळाला पाणी आलं होतं, ते भरून ठेवलं. दूध आणलं. दुपारी वरणभात केला. वरणात मीठ टाकायचं राहिलं, ते जेवून झाल्यावर लक्षात आलं. दुपारी पडलो, झोप लागली नाही. संध्याकाळी अंगणात बसलो.

फोनवर मी नुसतं हं हं करतो आणि तुला भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं, म्हणून यापुढे फोन बंद आणि पत्र चालू, असा हुकूम तू काढलास. तो पाळतो आहे. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात मी जन्मभर फक्त तक्रारींची उत्तरं लिहिली. पत्रात तसंच काही उतरलं तर समजून घे.

विचारायचं आहे ते हायड्रेंजियाबद्दल. प्रतिभानं तुझ्या पाचगणीच्या कुंपणातून काडी आणली होती, ते झाड आता गुडघ्याच्या वर आलं आहे. मोरीजवळ अर्ध्या ड्रममध्ये लावलेलं आहे. जानेवारीत प्रतिभा गेली तेव्हा घरात खूप माणसं होती, त्याच्याकडं कुणी बघितलं नाही, तरी ते जगलं. आता ऊन वाढलं आहे. दुपारी त्याची सगळी पानं खाली लोंबतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, संपलं. मी तिथंच पायरीवर बसून राहिलो. संध्याकाळी पाणी न घालता पानं परत उभी राहिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ते रोज दुपारी मरतं आणि रोज संध्याकाळी जिवंत होतं. शेजारच्या मालूबाई म्हणाल्या की त्यांच्या सासूबाईपण असंच करायच्या आणि तशाच नव्वदीपर्यंत गेल्या.

प्रतिभा म्हणायची की हे झाड बऱ्हाणपुरात फुलणार. गल्लीत सगळे हसले. तूही हसलीस. मी हसलो नाही, पण तिला हो असंही म्हणालो नाही. मला ते एकदा फुललेलं बघायचं आहे. तिला आता दिसणार नाही, हे मला कळतं. तरी बघायचं आहे. काय करू ते लिही.

सुधाकररावांना नमस्कार. लोभ पूर्वीप्रमाणे चालू ठेवावा.

तुझा
विनायक


पाचगणी
१९ एप्रिल २०२४

चि. विनायकास,
अ. उ. आ.

तुझं पत्र मिळालं. यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले की छान आहे, पण हे पत्र आहे की हजेरीपट? मी म्हटलं, तुम्ही माझ्या भावाला ओळखत नाही, त्याच्या मानानं ही कादंबरी आहे. लग्न ठरलं तेव्हा मुलगी कशी वाटली असं बाबांनी विचारलं, तर तू ठीक आहे एवढंच म्हणाला होतास आणि घराबाहेर जाऊन दोन तास सायकल पुसत बसला होतास. त्यावरून आम्ही ओळखलं की फारच आवडलेली दिसते.

आता झाडाचं. दुपारी माना टाकल्या की लगेच बादली ओतायची नाही. त्याची पानं मोठी, उन्हात त्याला झेपत नाही म्हणून ते पडून घेतं, तहान लागते म्हणून नाही. संध्याकाळीही उठलं नाही तरच ते तहानलेलं समज. पाणी सकाळी, मुळाशी, सावकाश. बुंध्याभोवती वाळक्या पानांचा जाड थर दे. सकाळचं कोवळं ऊन लागू दे, नंतरचं ऊन आणि तुमच्याकडची ती भट्टीतून येणारी हवा मात्र नको. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कात्री लांब ठेव. हे झाड मागच्या वर्षीच्या काडीवर फुलतं. थंडीच्या आधी काडीच्या शेंड्यात कळी धरते आणि पुढच्या उन्हाळ्यात ती उघडते. शेंडा गेला की ते वर्ष गेलं. यंदा तुझं झाड लहान आहे, प्रतिभाच्या आजारपणात त्याचीही हेळसांड झाली, यंदा नुसतं जगवलंस तरी पुष्कळ.

पैजेचा तुझ्या पत्रात उल्लेख नाही. तुला ठाऊक नसेल असं नाही, तू तेव्हा दारात उभा राहून हं म्हणाला होतास. प्रतिभा काडी ओल्या फडक्यात गुंडाळत होती आणि मी तिला सांगत होते की अगं, हे थंड हवेचं झाड, तुमच्याकडे पापडसुद्धा सावलीत वाळतात. त्यावर ती म्हणाली, वन्सं, फुलवून दाखवलं तर तुम्ही भर मे महिन्यात बऱ्हाणपूरला यायचं आणि स्वतःच्या हातानं खापरावरचे मांडे करायचे. नाही फुललं तर मी पुन्हा हायड्रेंजियाचं नाव काढणार नाही. मी बऱ्हाणपूरची लेक असून मला मांडे येत नाहीत, हे तिला पक्कं माहीत होतं. लहानपणी मी केलेला पहिला मांडा हातावर पसरता पसरता कोपरापर्यंत आला आणि तिथून फाटून चुलीत गेला. आई त्यावर आठवडाभर हसत होती.

ती पैज मी मोडलेली नाही. माणूस गेलं म्हणून पैज रद्द होत नाही. तिच्या बाजूनं आता तू आहेस. मी शत्रूला सल्ला देते आहे, हे लक्षात ठेव.

वरणात मीठ घालत जा. आणि लोभाचं म्हणशील तर तो तुझ्या मागण्यावर अवलंबून नाही.

तुझी
अक्का


लालबाग, बऱ्हाणपूर
२३ मे २०२४

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

आज पारा पंचेचाळीसच्या वर होता. दुपारी गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. मी भाकरी आणि कांदा खाल्ला.

झाड घरात घेतलं आहे. त्याला उजेड आणि गार हवा दोन्ही लागतात. घरात कूलर एकच आहे, बैठकीच्या खिडकीत. म्हणून तिथली माझी खाट काढली आणि ड्रम ठेवला. मी मधल्या खोलीत पंख्याखाली झोपतो. बरं चाललं आहे.

ड्रम आत ढकलताना मालूबाईंनी बघितलं. त्यांनी काही विचारलं नाही. संध्याकाळपर्यंत गल्लीत पसरलं होतं की विनायकरावांनी बायकोच्या नावानं व्रत धरलं आहे, झाडाला गारव्यात बसवलं आहे आणि स्वतः तापत आहेत. दुसऱ्या दिवशी ड्रमला हळदकुंकू लागलेलं होतं. नंतर खोबऱ्याचा तुकडा आला, त्याला मुंग्या आल्या. मग चार बायका प्रदक्षिणा घालायला आल्या. बैठकीत प्रदक्षिणेला जागा नाही, म्हणून त्यांनी माझं टेबल हलवून ओट्यावर ठेवलं. हे व्रत नाही, असं मी सांगणार होतो. पण मला बोलायला सुरुवात करायला वेळ लागतो, तोवर त्यांची एक फेरी होऊन जाते आणि मग मध्येच थांबवणं बरं दिसत नाही.

प्रदक्षिणा झाली की मालूबाई कूलरसमोर डोळे मिटून बसतात. परवा त्या जेवणाच्या वेळेपर्यंत बसल्या होत्या. काल त्यांनी भाजी निवडायला आणली. बाहेर जितकं ऊन वाढतं तितकी त्यांची भक्ती वाढते आहे. कूलरमध्ये पाणी मात्र मीच भरतो.

प्रतिभाचा धाकटा भाऊ गोटू आठवड्यातून एकदा शाहपूरहून येतो. त्याची केळीची बाग आहे, हे तुला माहीत आहे. त्याला केळीशिवाय दुसरं झाड समजत नाही. आमच्या दारच्या लिंबालाही तो केळीसारखंच वागवतो. त्यानं ड्रमला ठिबकची नळी लावली, झाडाला बांबूचा टेकू दिला आणि चिमूटभर पोटॅश टाकलं. मग हे कधी निसवेल असं विचारलं. केळीतून घड बाहेर पडला की ते लोक बाग निसवली म्हणतात. मी पुढच्या वर्षी असं सांगितलं. घड किती किलोचा भरतो, हे त्यानं विचारलं. मी सांगितलं की घड नसतो, फूल असतं. त्यानं ठिबकच्या नळीकडं बघितलं. मग म्हणाला की दाजी, एवढं पाणी नुसत्या फुलाले?

तरी पुढच्या खेपेला तो दारातून येणारं ऊन अडवायला जुनी जाळी घेऊन आला. मी चहा केला. आम्ही दोघं झाडासमोर बसून प्यालो. बोलणं विशेष झालं नाही.

लोभ आहे तेवढा राहू द्यावा.

तुझा
विनायक


पाचगणी
१० जून २०२४

चि. विनायकास,
अ. उ. आ.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि प्रत्येक वेळी भाजी निवडायला आणली या जागी थांबून पाणी प्यावं लागलं. हे म्हणतात की मालूबाईंना आमचा नमस्कार सांगा, देवस्थान नीट चालवत आहेत.

एक गोष्ट आत्ताच स्पष्ट करते. कूलरसमोर फुललं तर मी पैजेत धरणार नाही. ते बऱ्हाणपुरात फुललं असं होत नाही, ते कूलरमध्ये फुललं असं होतं. ऊन उतरलं की झाड बाहेर काढ, आत राहून ते लुळं पडेल. हळदकुंकू बुंध्यावर नको, ड्रमवर चालेल. पोटॅश गोटूच्या हातून काढून घे.

आणि विनू, तुझ्या पत्रात झाडाची पानं किती ताठ आहेत ते असतं, मालूबाई किती वेळ बसल्या ते असतं. तू कसा आहेस ते कुठंच नसतं. पुढच्या पत्रात त्याबद्दल एक ओळ लिही. एकच पुरे. मी काही लगेच बॅग भरून येणार नाही, माझा गुडघा मला स्वयंपाकघरापर्यंतच नेतो.

तुझ्यावर माझा जीव आहे, तो पत्राच्या शेवटी मागून घ्यायची गरज नाही.

अक्का


लालबाग, बऱ्हाणपूर
८ फेब्रुवारी २०२५

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

आज अंगण झाडलं. दळण आणलं. पोस्टात जाऊन हे पत्र लिहायला कागद आणला. मधले महिने फक्त कार्डं टाकली, त्याबद्दल राग मानू नये.

प्रतिभाचं वर्षश्राद्ध जानेवारीत झालं. सुधाकररावांच्या डोळ्याच्या ऑपरेशनमुळे तुला येता आलं नाही, ते ठीकच. सायली आली होती. कार्य झाल्यावर ती मला पुण्याला घेऊन गेली. बाबा, थोडे दिवस तरी चला, असं म्हणाली. मी जाणार नव्हतो, कारण झाड. पावसाळ्यापासून ते बाहेर होतं आणि चांगलं भरलं होतं. दिवाळीनंतर तू लिहिलं होतंस तशी प्रत्येक काडीच्या शेंड्यात कळी धरली. जाड, तांबूस, बोटाच्या पेराएवढी. मी रोज सकाळी हात न लावता बघत होतो. गोटू म्हणाला की दाजी, तुम्ही बेफिकीर जा, झाड मी सांभाळतो. म्हणून गेलो.

परत आलो तेव्हा ड्रममध्ये चार बोटं उंचीचे खुंट होते. गोटू माझी वाट बघत शेजारीच उभा होता. त्याचा चेहरा आनंदी होता. त्यानं समजावून सांगितलं. केळीचा घड काढून झाला की आईझाड कापून टाकतात, म्हणजे बुडातून आलेलं पील जोमानं वाढतं. या झाडाच्याही बुडातून नवे कोंब आलेले त्यानं बघितले. ताईचं वर्ष झालं, आता जुनं काढून नव्याला जागा द्यावी, असं त्याला वाटलं. कोयता त्यानं घासून, धुऊन आणला होता, तोही दाखवला.

मी काही बोललो नाही. हं असंही म्हणालो नाही. त्याला चहा विचारला नाही. आत जाऊन दार लावून घेतलं. तो बराच वेळ अंगणात उभा होता, मग त्याची गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. त्यानंतर त्याचे फोन आले. मी उचलले नाहीत.

यंदा फूल नाही. पैज तू जिंकलीस. मी कसा आहे त्याबद्दल एक ओळ तू मागितली होतीस, ती ही समजावी.

लोभ असेलच.

विनायक


मु. पो. शाहपूर
१६ फेब्रुवारी २०२५

श्री. दाजींना,
गोटूचा राम राम.

तुम्ही फोन उठावत नाही म्हणून चिठ्ठी लिहू राहिलो. शाळा सुटल्यावर पेन धरायचं काम पडलं नाही, तर अक्षराची माफी असू द्या.

दाजी, माझी गलती झाली. पण मी काही दुश्मनीनं कापलं नाही. आमच्याकडं आई कापली नाही तर पील मरते. मले वाटलं सगळ्या झाडाचं असंच राहते. बागेत मी मजुराले कापायले लावतो, ताईच्या झाडाले मी कोणाचा हात लागू दिला नाही. सकाळी अंघोळ करून आलो, तवा कापलं. मालूबाई पण बाजूले उभ्या होत्या, त्यांनी नारळ फोडला. आता त्या म्हणतात की मी मना करत होती. बिलकुल मना केलं नाही, विचारा त्यांले.

कापलेल्या काड्या मी संग घेऊन आलो. उकिरड्यावर टाकायले हात होईना.

त्या पाचगणीवाल्या अक्कांले विचारून सांगा की आता खुंटाले काय टाकू. जे म्हणतील ते टाकतो. पोटॅश टाकत नाही, कसम.

एक गोष्ट अजून लिहितो. इथं घरात ताईचं नाव काढलं की बायको म्हणते, आता बस करा, साल झालं. तुमच्याकडं आलो की तुम्ही पण तिचं काही बोलत नव्हते. पण तुमच्यासंग गप्प बसलं की मले बरं वाटे. आता ते पण बंद झालं. चहा नका देऊ, नुसतं बसू द्या.

लहान समजून माफ करा आणि दार उघडं ठेवा.

तुमचा
गोटू


पाचगणी
२ मार्च २०२५

चि. विनायकास,
अ. उ. आ.

तुझं पत्र आणि नंतर पाठवलेली गोटूची चिठ्ठी, दोन्ही मिळाली. आधी खूप वाईट वाटलं. मग नारळ फोडला तिथं आले आणि मला हसू आवरेना. झाडाचा गळा कापताना नारळ फोडणारी माणसं तुमच्याच गल्लीत असतात. नंतर हसल्याचंही वाईट वाटलं. एका पत्रात इतकं सगळं करायला लावू नये, माझं वय झालं आहे.

झाड मेलेलं नाही. बुडातून फुटेल, पानं येतील, पुढच्या थंडीच्या आधी कळी धरेल. यंदा फूल नाही, एवढंच. म्हणजे पैज मी जिंकले, आणि जिंकून मला काडीचा आनंद झालेला नाही. मला मनातून हरायचं होतं. हे तिला कधी सांगितलं नाही, आता तुला सांगते.

पण तू गोटूला चहा दिला नाहीस, हे वाचून मी चकित झाले. तू कधी कुणावर रागावतोस हेच मला माहीत नव्हतं. पार्सल ऑफिसात लोकांनी तुला शिव्या दिल्या तरी तू त्यांना बाकावर बसवून पाणी द्यायचास. विनू, बायको गेलेल्या माणसाकडं सगळे येतात. जेवलास का, झोपलास का, असं विचारतात. बहीण गेलेल्या माणसाला कोणी विचारत नाही. त्यानं आपला गेल्या वर्षाचा सगळा जीव त्या ड्रममध्ये ओतला, त्याला येत होतं त्याच पद्धतीनं. त्याला दुसरी पद्धत येत नाही. तुलासुद्धा कुठं येते?

मी कुणाची तरी बहीण आहे म्हणून हे लिहिते आहे. उठ आणि शाहपूरला जाऊन ये. काही बोलावं लागणार नाही, त्यानं स्वतःच लिहून दिलं आहे.

गेल्यावर कळव, तोपर्यंत लोभ तात्पुरता बंद.

अक्का


लालबाग, बऱ्हाणपूर
१२ मे २०२५

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

आज शाहपूरला गेलो होतो. सकाळच्या बसनं गेलो, दुपारच्या बसनं आलो. उन्हानं डोकं दुखतं आहे, तरी आजच लिहितो.

तुझं पत्र आल्यावर मी दोनदा बसस्टँडपर्यंत जाऊन परत आलो होतो. तिथं गेल्यावर काय बोलायचं ते ठरत नव्हतं. आजही ठरलं नव्हतं. पण मालूबाई सकाळी आल्या आणि म्हणाल्या की यंदा कूलर नुसता पडून आहे, खुंटालाच आत घ्या, नाही तर गल्लीवर कोप होईल. मी त्यांना कूलर लावून दिला, किल्ली दिली आणि बाहेर पडलो.

गोटू घरी नव्हता, बागेत होता. त्याच्या बायकोनं रस्ता दाखवला. अक्का, मी इतकी वर्षं या गावात आहे, पण भर मे महिन्यात केळीच्या बागेत कधी गेलो नव्हतो. बाहेर अंग भाजत होतं आणि आत शिरल्यावर मला वाटलं की कुणीतरी दार लावून घेतलं. वर सगळी पानंच पानं. खाली ठिबकनं ओली जमीन, त्यावर वाळक्या पानांचा जाड थर. गार, दमट. मी तिथं उभा राहून तुझं पहिलं पत्र आठवत होतो. तू मागितलेलं सगळं तिथं होतं, आणि मी झाडाला कूलरसमोर बसवून ठेवलं होतं.

गोटू मला बघून उभा राहिला. पुढं चालू लागला, मी मागं गेलो. कोपऱ्यात, दोन केळींच्या मध्ये, काड्यांची एक रांग होती. ड्रममधून कापलेल्याच काड्या. फेकवत नाहीत म्हणून त्यानं त्या तिथं टोचून ठेवल्या होत्या. बऱ्याच वाळल्या होत्या. काहींना पानं होती. आणि एका काडीवर, माझ्या गुडघ्याच्याही खाली, निळी पिशवी बांधलेली होती. ऊन आणि किडे लागू नयेत म्हणून केळीच्या घडाला घालतात तीच. घडाची असल्यामुळे ती इतकी मोठी होती की अर्धी जमिनीवर पसरली होती. त्यानं खाली बसून दोरी सोडली आणि पिशवी वर केली.

आत फूल होतं, अक्का. शेंड्यातली कळी काडीबरोबर गेली होती, ती तिथं उघडली. फार मोठं नाही, माझ्या मुठीएवढं. गुलाबी. लहान लहान फुलांचा गोळा. मी आजवर फक्त तुझ्या कुंपणावर बघितलं होतं.

आम्ही दोघं तिथं पाल्यावर बसलो. त्याला मला सांगायचं होतं, पण मी फोन उचलत नव्हतो, आणि कापलेल्या काडीचं फूल घेऊन दारात यायची त्याला भीती वाटत होती. मग त्यानं विचारलं, "दाजी, किलोत नाही भरणार. पण ताईले एवढं पुरलं असतं का?"

मी म्हणालो, "पुरलं असतं."

नंतर तो रडला. मीही. मग त्यानं पिशवी परत बांधली. मी त्याला पुढच्या रविवारी घरी चहाला बोलावलं आहे.

पैजेचं काय ते तू बघ. मी तिच्या बाजूनं एवढंच कळवतो की फूल आलं आहे आणि कूलरशिवाय आलं आहे.

बंद केलेला लोभ पूर्ववत सुरू करावा ही विनंती.

तुझा
विनायक


पाचगणी
१८ मे २०२५

चि. विनायकास,
अ. उ. आ.

लोभ सुरू केला आहे. पण पैजेबाबत माझ्या हरकती लिहून घे.

पहिली हरकत, पैज बऱ्हाणपूरची होती, शाहपूरची नव्हती. दुसरी, मी दिलेल्या झाडाला निळी फुलं येतात. माझ्या कुंपणावर आत्ता या क्षणी निळी आहेत. तुमचं गुलाबी आहे, तेव्हा ते माझं झाड कशावरून? तिसरी, फुलवणाऱ्यानं ते फुलवण्यासाठी लावलेलंच नव्हतं.

या हरकती मी यांच्यापुढे मांडल्या. यांनी नव्या डोळ्यांनी तुझं पत्र वाचलं आणि निकाल दिला. शाहपूर बऱ्हाणपूर जिल्ह्यात आहे, पहिली हरकत फेटाळली. आमच्या तांबड्या मातीत जे निळं येतं ते तुमच्या काळ्या मातीत गुलाबी येतं, हे मीच नेहमी लोकांना सांगत असते, दुसरीही फेटाळली. तिसरीवर त्यांनी मला विचारलं की तुला खरंच जिंकायचं आहे का. मी उत्तर दिलं नाही. आपल्या घरचा गुण.

तर मी येते आहे. मे संपायच्या आत. गुडघ्याला पट्टा बांधला आहे. मांड्यांसाठी खापर मिळवून ठेव आणि शक्य तितकी कमी माणसं जमव. मालूबाईंना माझ्यासाठी कूलरसमोर थोडी जागा करायला सांग.

येताना लोभ बरोबर आणते.

अक्का


लालबाग, बऱ्हाणपूर
१५ जून २०२५

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तू सुखरूप पोचल्याचं कार्ड मिळालं. आज घर आवरलं. ओट्यावरचं टेबल आत आणलं.

तू गेल्यापासून गल्लीत तुझ्या मांड्यांचाच विषय आहे. कमी माणसं जमव असं तू लिहिलं होतंस, मी तसं कुणालाच बोलावलं नव्हतं. मालूबाईंनी बोलावलं. तुझ्या एकाही मांड्याला गोल म्हणता येणार नाही, असं त्या सगळ्यांना सांगतात. एक तर खापरावरून खाली उतरलाच नाही. पण गोटूनं एकही तुकडा वाया जाऊ दिला नाही, आणि जाताना म्हणाला की अक्कांनी केलेलं कसंही असलं तरी पोटातच जायचं आहे. ही स्तुती आहे, असं मी धरतो. तूसुद्धा धरावंस.

त्या दुपारी सगळे हसत होते तेव्हा मी आत जाऊन थोडा वेळ उभा राहिलो होतो. तू विचारलंस, मी पाणी प्यायला गेलो म्हणालो. पाणी प्यायलो नव्हतो. नुसता ऐकत होतो. या घरात इतकं हसणं बऱ्याच दिवसांनी झालं.

ड्रममधल्या खुंटांना पानं आली आहेत. फूल यंदा नाही. पुढच्या वर्षी येईल की नाही ते माहीत नाही, पण आता मला त्याची घाई नाही. सायलीला पावसाळ्यात पंधरा दिवस येतो असं कळवलं आहे. झाड गोटूच बघेल. कोयता माझ्या कपाटात आहे.

दर रविवारी तो येतो. आता आम्ही थोडं बोलतोही. बहुतेक केळीबद्दल.

सुधाकररावांना नमस्कार. डोळे जपावेत. तुझा लोभ गाडीच्या गर्दीतून नीट घरी पोचला असेल, अशी आशा आहे.

तुझा
विनायक

ता. क. पत्र टाकायचं राहिलं म्हणून पुढं लिहितो. काल शाहपूरला जाऊन आलो. गोटू बाजारात गेला होता. मी त्याला निरोप ठेवला नाही. फूल सुकून तपकिरी झालं होतं. सुकलेलं काढून टाकायचं असतं असं तू निघताना म्हणाली होतीस, म्हणून त्याच्या खालच्या पहिल्या दोन पानांच्या वर कापलं आणि तिथंच केळीच्या बुंध्याशी टाकलं. नळीखाली हात धुतले आणि बससाठी रस्त्यावर येऊन उभा राहिलो.